डिंभ्याच्या पाण्यात धम्मपालची बोट

बोट समुद्रात न्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी प्रतिभा त्या दिवशी ती घेऊन डिंभे धरणाच्या पाण्यात उतरली होती.

तिचा नवरा धम्मपाल आयुष्यभर मालवाहू जहाजांवर फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने वारूळवाडीच्या शेडमध्ये ही पोलादी बोट बांधायला घेतली. शीड होतं, इंजिन होतं आणि मधोमध काचेची बंद केबिन होती. आत बसूनच सुकाणू धरायचं, ऊनपाऊस सगळा बाहेर! दोघांनी मिळून कोकण किनाऱ्याने थेट केरळपर्यंत जायचं, असा बेत होता. पण शेवटचा रंग वाळायच्या आत धम्मपालच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

आता बोटीवर तिघं होती. सुकाणूवर प्रतिभा. मागे उघड्यावरच्या दुसऱ्या सुकाणूपाशी रुपेश. हा धम्मपालचा पुतण्या, मंचरला वेल्डिंगचं वर्कशॉप चालवणारा. आणि कळंबचा सोपान, धम्मपालचा शाळेपासूनचा मित्र.

"काकू, हितं टिकली तर दर्यावरबी टिकंल!" रुपेश ओरडला. "थंडीत न्यायचीच!"

प्रतिभा हसली नाही. समोरची काच चांगली ऐसपैस होती. रुपेशने लहान, जाड काचा सुचवल्या होत्या. "न्हाई," धम्मपाल म्हणाला होता, "तिला बसल्या जागी किनारा दिसला पायजे." केबिनही त्याने उंच केली होती, तिला ताठ उभं राहून स्वयंपाक करता यावा म्हणून. बोटीत जिकडे हात लावावा तिकडे त्याने तिचा विचार केलेला सापडायचा.

मे महिना होता. पाणी खाली गेलं होतं. दोन्ही अंगांना भेगाळलेला गाळ, वर करवंदीच्या जाळ्या आणि पश्चिमेला सह्याद्रीची निळसर रांग. ह्याच पाण्याखाली धरणात बुडालेलं जुनं आंबेगाव झोपलं होतं. त्याच्या भिंती उन्हाळ्यात पाण्याच्या अगदी वरवर येत, म्हणून सोपान प्रतिभाला लांबून वळसा घालायला सांगत होता.

दुपार कलली आणि पूर्वेकडून आभाळ काळं झालं.

"वळीव हाये, वहिनी! लई जोराचा!" सोपान म्हणाला.

बोलेपर्यंत वारा आदळलाच! उंच केबिन भिंतीसारखी वाऱ्यात उभी. बोट एका अंगावर कलंडली आणि बुडालेल्या गावाच्या भिंतींकडे सरकू लागली. प्रतिभाने इंजिन वाढवलं. ते घरघरलं, तापलं, बंद पडलं. सोपानने केबिनमधली इंजिनावरची फळी उचलली. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या नळीत गाळ बसला होता. तो गुडघ्यांवर बसून नळी मोकळी करू लागला. गरम वाफेने त्याचा हात भाजला, तरी त्याने नळी सोडली नाही.

मग गारा! तडतड, तडतड! काचा आतून धुरकटल्या. प्रतिभाला पुढचं काही दिसेना. मागून रुपेशच तेवढा सांगत होता, "डावीकडं! काकू, अजून डावीकडं!"

मोठी काच फुटली. पाण्याचा लोंढा आत आला. त्याच क्षणी मागचा आवाज थांबला.

प्रतिभाने वळून पाहिलं. मागचं सुकाणू रिकामं होतं!

"रुपेश!"

लांब पाण्यात त्याचं नारिंगी जाकीट वर-खाली होत होतं. लाटा त्याला भिंतींवर ढकलत होत्या. एवढ्यात सोपानच्या हाताखालचं इंजिन धडधडलं.

"वहिनी, तिकडं दगडं हायेत! बोट फुटंल!"

"फुटू द्या!"

तिने सुकाणू गरकन फिरवलं. बोट लाटांवर आपटत निघाली. रुपेश जवळ आला. सोपानने दोर फेकला. हुकला! पुन्हा फेकला. रुपेशने धरला! आणि खालून पोलाद फाटल्याचा कर्कश आवाज आला. बोट जुन्या भिंतीवर चढून तिरकी रुतली. दोघांनी रुपेशला ओढून घेतलं. तो खोकत होता, कपाळातून रक्त वाहत होतं, पण जिवंत होता. प्रतिभाने त्याला असं कवटाळलं की त्याला श्वास घेता येईना.

वारा पडल्यावर पलीकडच्या वाडीतले मासे धरणारे आपल्या होड्या घेऊन आले आणि त्यांनी तिघांना काठावर नेलं.

दुसऱ्या दिवशी, डोक्याला पट्टी बांधलेला रुपेश तिला घेऊन परत आला. धुतलेल्या उन्हात बोट भिंतीवर कलंडून पडली होती.

"तळाला पत्रा मारतो, काकू. काचा लहान करू. केबिनची उंची उतरवू. दर्यावर जाईल ती."

प्रतिभा होडीतून बोटीवर गेली. आत चिखल होता, काचांचा खच होता. ती सुकाणूसमोर बसली. धम्मपाल गेल्यापासून माणसांची वर्दळ होती, कामं होती. रडायला सवड मिळाली नव्हती. आता ती हमसून हमसून रडली. बाहेर होडीत रुपेश मान खाली घालून बसून राहिला.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"कापून काढ तिला, रुपेश. इंजिन वाडीतल्या लोकान्ला दे, त्यांच्या कामाला येईल."

"काकू! काकांनी जीव ओतला व्हता हिच्यात."

"माहीत हाये मला. पण काच लहान केली, केबिन उतरवली, की ती माझ्यासाठी बांधलेली बोट ऱ्हाती का? आन् रोज तिचं इंजिन कोण ऐकणार, गंज कोण खरवडणार? बोटीला तिच्यावर जीव लावणारं माणूस लागतं रं. ते गेलं."

रुपेशचे डोळे भरून आले. "काका असते तर?"

"ते असते," प्रतिभा म्हणाली, "तर आमी गेलोच असतो."