टाकीतली पहिली पळी

आमच्या घराण्याबद्दल लोक काय वाट्टेल ते बोलतात, पण आमच्या दुधात खोट आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पणजोबांकडे एकच गाय होती, आणि तीही लाथाळ. तिच्या जोरावर आजोबांनी डेअरी उभी केली. दूध उरायला लागलं तेव्हा आत्याने दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलं मांडली आणि सूप, लोणी लावलेला ब्रेड, आइस्क्रीम असं काहीबाही विकायला घेतलं. त्या काहीबाहीची आता गावोगाव हॉटेलं झाली आहेत. सगळीकडे त्याच निळ्या फरशा, तेच जाड बुडाचे पेले.

पण घराण्याची खरी कमाई म्हणजे जीभ. सकाळी टाकी भरली की घरातल्या एकाने लांब दांड्याची पळी बुडवून घोटभर दूध चाखायचं. त्याने मान हलवली की मगच गाड्या सुटणार. आजोबांचे पाय थकले तेव्हा हे काम आत्याकडे आलं, आत्याचे थकले तेव्हा माझ्याकडे. माझ्या जिभेला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही, हे मी उगाच फुशारकी म्हणून सांगत नाही.

दूध म्हणजे अट्टल उचल्या. ज्याच्या शेजारी ठेवाल त्याचा वास उचलतं. आत्याने मला शिकवलं ते त्यावरच. रात्री एक कप कांद्याशेजारी ठेवायचा, एक बुटाशेजारी, एक रंगाच्या डब्याशेजारी, आणि सकाळी मी डोळे मिटून ओळखायचं. "एक लक्षात ठेव," ती म्हणायची, "आपल्याच खोलीचा वास आपल्याला कधी लागत नाही." खरं आहे ते. माझ्या खोलीला म्हणे संत्र्याच्या वाळक्या सालींचा आणि गुडघ्याच्या मलमाचा वास येतो. मला तो जन्मात आला नाही. माझी लेक दारातच नाक मुरडते, म्हणून विश्वास ठेवायचा.

गेल्या थंडीत एका सकाळी पळी तोंडाला लावली आणि मी थबकले. लवंगेचं तेल, आणि त्यामागे ओली लोकर. टाकी स्टीलची, झाकण गच्च बंद, आणि दुधाला लोकरीचा वास? मी गाड्या थांबवल्या. पाइप उघडायला लावले, रबरी वायसर बदलून घेतले, ड्रायव्हरांचे स्वेटरसुद्धा हुंगले. आमच्या केमिस्टला सगळे 'मीटर' म्हणतात. तो नमुना तपासून म्हणाला, "ताई, दूध एक नंबर आहे." कारभार बघणारा माझा थोरला भाऊ, दादा, हसायलाच लागला. "तुला सर्दी झालीय. सोड त्या गाड्या."

दुसऱ्या दिवशी वास वाढला. मी पेलाभर दूध घेतलं आणि जुन्या दुकानावरच्या खोलीत आत्याकडे निघाले. जिन्यातच तोच वास नाकात शिरला. दार उघडं होतं. आत्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरून बसली होती, आणि खुर्चीच्या पाठीवर तिने धुतलेली लोकर वाळत घातली होती.

"चाखून बघ," मी म्हणाले.

तिने बोळा काढला, चूळ भरली, मग घोट घेऊन जिभेवर फिरवला. "स्वच्छ आहे की. का गं?"

मला कसला वास येतोय ते मी सांगितलं. तिने पेला खिडकीच्या उजेडात धरला.

"बाबांच्या वेळी मला बुटाच्या पॉलिशचा आला होता," ती म्हणाली. बाबा म्हणजे माझे आजोबा. "त्यांच्या कपाटाचा वास. त्यांना स्वतःला काही लागलं नव्हतं."

"त्यांच्या कुठल्या वेळी?"

"शेवटच्या." तिने पेला रिकामा केला. "दूध ओतून देऊ नकोस. गिऱ्हाइकाला काही कळत नाही. आपल्या माणसांनाच कळतं."

आठवड्याच्या आत आत्या गेली, त्याच खुर्चीत, मांडीवर विणकाम. दुसऱ्या सकाळी दूध दुधासारखं लागलं. मी पोटभर रडले आणि मग स्वतःला बजावलं, की पिकलं पान होतं, थंडी कडक होती, बाकी सगळे मनाचे खेळ. मी काही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. दादाला मात्र मी ताकास तूर लागू दिली नाही.

यंदा दादाने नवा कारखाना बांधला. तिथे दूध माणसाच्या नजरेलाच पडत नाही. "आता पळी भिंतीवर टांगू," तो म्हणाला. "तुझ्यानंतर आहे कोण?"

"माझी लेक आहे."

"मग घे तिची परीक्षा. सगळ्यांसमोर. एक जरी चुकली तर मीटरचं यंत्र."

मी लगेच हो म्हटलं. पोरीला मीच तयार केली होती. तरी त्या रात्री झोप उडाली ते खरं. पळी गेली तर आमच्यात आणि इतर दूधवाल्यांत फरक तो काय उरणार?

कप मीच भरले. पहिला कांद्याशेजारचा, दुसरा बुटाशेजारचा, तिसरा साबणाशेजारचा. चौथा साधा, त्याच सकाळी टाकीतून काढलेला, फसवायला. उत्तरं फक्त मला ठाऊक होती. दुधाच्या बाबतीत मी खोटं बोलेन, हे दादाच्या स्वप्नातही येणार नाही.

जेवणाची गर्दी ओसरल्यावर जुन्या हॉटेलात सगळे जमले. लेकीने डोळे मिटले.

"कांदा," ती म्हणाली. मग, "बूट. फार दिवस पॉलिश न केलेला." मीटरने डोकं खाजवलं. "साबण. कपड्यांचा."

चौथा घोट तिने तोंडात बराच वेळ धरला. काही नाही, एवढं म्हण, मी मनात म्हटलं, की पळी तुझी.

"यालाही वास आहे," ती म्हणाली.

"कसला?" दादाने विचारलं.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. "संत्र्याच्या साली आणि मलम. आईची खोली."

सगळे हसले.

मी तिच्या हातातून कप घेतला. घोट घेतला. जिभेवर फिरवला.

दूध स्वच्छ होतं.

"काय गं?" दादा म्हणाला. "बरोबर की चूक?"

चूक म्हटलं की पळी भिंतीवर जाईल आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहील, असं मला क्षणभर वाटलं.

"बरोबर," मी म्हणाले. "रात्रभर माझ्या उशाशी होता तो कप."

मी पळी तिच्या हातात दिली. एवढा अभिमान मला उभ्या आयुष्यात कशाचा वाटला नव्हता.

दादाने शब्द पाळला. नव्या टाकीला पळीपुरतं झाकण करून घेतलं. आता रोज पहिला घोट लेक घेते, मी शेजारी उभी असते. सुरुवातीला चेष्टा करायची. "आई, आजही तुझीच खोली. खिडकी तरी उघडत जा." मग एकदा तिने हळूच विचारलं, "गाड्या थांबवू का?"

"नको. गिऱ्हाइकाला काही कळत नाही."

कालपासून ती चेष्टा करत नाही. घोट तोंडात घेते आणि लवकर गिळत नाही.

"कसं आहे?" मी विचारते.

"छान आहे," ती म्हणते, आणि माझ्याकडे न बघता पळी पुढे करते.

मग मी चाखते. इतकं स्वच्छ दूध मी आजवर चाखलेलं नाही.