चौथा आकडा

ही घटना खरी आहे. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो माझा सख्खा मेव्हणा, नाओया. त्याच्या उजव्या हाताला आज तीनच बोटं आहेत. बाकीची दोन का गेली, हे त्याने माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं.

मी गेली एकोणीस वर्षं जपानमधल्या निइगातात राहतो, बायको इथलीच. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो, असा माझा स्वभाव. त्या दिवशी मात्र जागचा हललो नाही.

तारीख सतरा फेब्रुवारी. वेळ रात्रीची नाही, दुपारी साडेतीनची. जागा म्हणजे नागानोच्या डोंगरातलं एक लहानसं स्कीचं गाव. नाव सांगणार नाही. तिथे अजून माणसं राहतात.

आधी थोडं मागचं.

कॉलेजात नाओयाचा चौघांचा स्कीचा गट होता. कप्तान ओगाता, मग युकारी, मग नाओया आणि शेवटची चिहारु. चिहारु त्याच गावची. तिच्या आईची तिथे छोटी खानावळ आणि वर चार खोल्या. दर हिवाळ्यात सगळे तिथेच उतरायचे आणि त्या बाईंना काकू म्हणायचे.

त्यांची एक पद्धत होती. उतार संपला की कप्तान ओरडणार, "हजेरी!" मग एकेकाने आपला आकडा ओरडायचा. एक, दोन, तीन, चार. चारही आकडे आले की निघायचं. बर्फ पडत असला की शेजारचा माणूस दिसत नाही, म्हणून ही हजेरी.

बारा वर्षांपूर्वी असाच बर्फ पडत होता. शेवटची फेरी झाली. खाली ओगाताने हजेरी घेतली.

एक.

दोन.

तीन.

आणि पुढे काहीच नाही...

नाओया गारठला होता. चिहारुचं कायमचंच होतं, बूट आवळत कुठेतरी रेंगाळायची. येईल मागून, घर तर तिचंच आहे. त्याने तोंडावर हातमोजा धरला, आवाज बारीक केला आणि ओरडला, "चार!"

सगळे निघून गेले.

इथपर्यंत पोरकटपणा म्हणू. पण पावणेपाचला काकूंनी विचारलं, चिहारु कुठे? तेव्हा ओगाता म्हणाला, हजेरीत तर होती. सगळ्यांनी नाओयाकडे पाहिलं, कारण तो तिच्या शेजारचा. आणि तो म्हणाला, "हो, आवाज तिचाच होता."

मग लोक गावात शोधत बसले. बस थांब्यावर, गरम पाण्याच्या हमामात, मैत्रिणींकडे. डोंगरावर माणसं गेली ती सात वाजता. देवदाराच्या बुंध्याभोवती बर्फ आतून पोकळ राहतो, वरून सपाट दिसतो. ती अशाच खड्ड्यात गळ्यापर्यंत अडकली होती. हजेरीच्या जागेपासून फार तर साठ पावलांवर. डॉक्टर म्हणाले, सहा वाजेपर्यंत जिवंत असावी.

म्हणजे तिने हजेरी ऐकली होती. स्वतःचा आकडाही ऐकला होता.

दोष सगळा ओगाताने घेतला. कप्तान होता ना. त्याने स्की सोडली, बोलणं कमी केलं. आणि नाओया बारा वर्षं गप्प बसला. माझा मेव्हणा असला म्हणून काय झालं, मला त्याचा भयंकर राग आला आणि तो मी बोलूनही दाखवला. तो मान खाली घालून म्हणाला, "भावजी, पुढचं ऐका."

यंदा जानेवारीत ओगाताचा निरोप आला. चिहारुचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध (इथे मृत्यूचं वर्ष पहिलं धरून मोजतात), काकूंनी बोलावलंय. तिलाही आवडेल, एक दिवस सगळे मिळून स्की करू. नाओयाने ऑफिस सांगितलं, मग पाठदुखी सांगितली. युकारीने लिहिलं, तुझी पाठ दर फेब्रुवारीलाच बरी धरते. मग जाणं भाग पडलं.

शेवटी ओगाताने एवढंच कळवलं, की काकू चार ताटं मांडणार आहेत.

श्राद्ध सोळाला झालं. सतराला सकाळी हातभर ताजा बर्फ आणि स्वच्छ ऊन. ओगाता पहिल्याच वळणावर आपटला. युकारी म्हणाली, "कप्तान, पायांनी जायचं असतं, बुडाने नाही." दुपारी तिघांनी वरच्या टपरीत गरम करी-भात खाल्ला. ओगाता बारा वर्षांनी मोकळा हसत होता. नाओयाला वाटलं, आज रात्री जेवताना सांगून टाकावं. मग वाटलं, कशाला? चाललंय ते बरं चाललंय.

तीन वाजता ढग उतरले. शेवटची फेरी करायचं ठरलं.

डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची टांगती खुर्ची दोघांची. ओगाता आणि युकारी पुढे बसले. नाओया मागच्या खुर्चीवर, एकटा.

लिफ्टवाल्या आजोबांनी झाडूने त्याच्या जागेवरचा बर्फ झटकला...

मग शेजारच्या रिकाम्या जागेवरचाही झटकला. आणि वाकून म्हणाले, "दोघंही नीट टेकून बसा हं."

नाओयाने शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं.

पण खुर्ची त्या बाजूला कलली होती...

सबंध वाटभर कललेलीच राहिली. तो समोर बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं, असं स्वतःला समजावत राहिला.

वरून निघताना बर्फ दाट झाला होता. ओगाता पुढे, युकारी मधे, नाओया शेवटी. शेवटची जागा चिहारुची असायची, हे त्याला तेव्हा आठवलं.

अर्ध्या उतारावर मागून आवाज आला.

टक्... टक्...

स्कीच्या काठ्या एकमेकींवर आपटाव्यात तसा. बर्फ झटकायला चिहारु तसं करायची.

त्याने वेग वाढवला. आवाजानेही वाढवला.

त्याने मागे वळून पाहिलं... आणि तेवढ्यात देवदाराखालचा बर्फ खचला.

तो सरळ आत गेला. वरून फांद्यांवरचा बर्फ कोसळला. छाती दाबली गेली, हात अंगाला चिकटले. फक्त तोंड तेवढं वर राहिलं. ओरडायला श्वास पुरेना.

आणि खालून, अगदी जवळून, ओगाताचा आवाज आला.

"हजेरी!"

"एक!" ओगाता स्वतः.

"दोन!" युकारी.

नाओयाला वाटलं, सुटलो. आता तिसरा आकडा येणार नाही. ते थांबतील, वर येतील. साठ पावलं तर आहेत.

आणि मग...

"तीन!"

त्याचाच आवाज. तोच घोगरेपणा, शेवटी तोच छोटा खोकला.

त्याची दातखीळ बसली. खाली ओगाता म्हणाला, "आले सगळे. चला." बर्फ करकरत गेला. तीन माणसं चालत गेल्याचा आवाज त्याने नीट ऐकला. तीन.

नंतर सगळं शांत झालं.

आणि त्याच्या कानाशी, बर्फाच्या आतून, कुणीतरी अगदी हळू म्हणालं,

"चार."

तो रडला. माफी मागितली. सगळं कबूल केलं, नाव घेऊन घेऊन. अंधारलं. आधी बोटं गेल्यासारखी वाटली, मग पाय. सहा वाजून गेल्यावर खालून दिवे दिसले. बचाववाल्यांनी त्याला बाहेर ओढलं तेव्हा तो फक्त आकडे मोजत होता.

ओगाता आणि युकारी शपथेवर सांगतात, नाओया त्यांच्याबरोबर खाली आला. बर्फात चेहरा दिसला नाही, पण जाकीट त्याचंच. ती दोघं हमामात गेली, तो काही न बोलता खानावळीकडे वळला.

तिसऱ्या दिवशी काकू दवाखान्यात आल्या. सोबत डब्यात भाताची पेज. नाओयाने डोळे मिटले आणि बारा वर्षांचं ओझं टाकलं. म्हणाला, "काकू, तो चार मी म्हणालो होतो."

काकू पेज ढवळत राहिल्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तूच तर सांगितलंस. सतराला, साडेचारला. मी लोणच्यात मुरवलेला पाला धूत होते. तू मागच्या दाराने आलास, पायरीवर बसलास आणि सगळं सांगितलंस. हातमोजा तोंडावर कसा धरलास तेसुद्धा."

नाओया म्हणाला, साडेचारला मी खड्ड्यात होतो.

"तेही कळलं मला. चूल पेटलेली होती, तरी तुझ्या खांद्यावरचा बर्फ वितळत नव्हता. तू उठून आत गेलास. मी मागोमाग आले तर पायरी कोरडी. पुढच्या दारात जाऊन बूट बघितले. तुझे बूट नव्हते."

नाओयाने विचारलं, मग माणसं सहाला का आली?

काकूंनी चमचा त्याच्या तोंडाशी धरला.

"मी चहा केला," त्या म्हणाल्या. "घड्याळासमोर बसले. माझी पोर सहापर्यंत होती. म्हटलं, तूही राहा."

त्याने तोंड उघडलं. त्यांनी पूर्ण वाटी भरवली, ओठ पुसले, डबा धुतला आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. ओगाताला त्यांनीच फोन करून सगळं सांगितलं. त्याने नाओयाशी नातं तोडलं, आणि ते बरोबरच केलं असं माझं मत आहे.

हे सगळं ऐकून मी उठलो आणि चहा टाकला.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं देवळात निघालो. मी, बायको, आमची मुलगी आणि मागच्या सीटवर नाओया. गाडी सुरू करताना बायकोने नेहमीच्या सवयीने विचारलं, सगळे बसले का? मुलगी हौशी, तिने आकडे सुरू केले. "एक!" बायको म्हणाली, "दोन."

मी आरशात बघत होतो. नाओयाने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

"तीन," मागून त्याचा आवाज आला.

आता माझी पाळी होती. मी गाडी बंद केली. त्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही.