खिंडीतलं सैन्य

दादाला मुलगी झाली आणि त्याचं राज्य माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी दुपारी रंगाच्या दुकानावरच्या खोलीत तो आठ जणांत बसून कॉम्प्युटरवर साम्राज्यांचा खेळ खेळायचा. "नुसती खिंड सांभाळ," त्यानं बजावलं, "आणि उत्तरेच्या सम्राटावर काडीचाही विश्वास ठेवू नकोस."

सम्राट नेमका माझ्या समोरच्या खुर्चीत! कानावर पेन्सिल, मनगटापर्यंत उन्हानं रापलेले हात. एरवी तो रस्त्यांची मोजणी करायचा. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, त्यामुळे लोकांचे डोळे बघणं हा माझा धंदाच. त्याचे जरा जास्त वेळ बघितले, इतकंच...

"राणीसाहेब, चहा?"

"शत्रूच्या हातचा मी घेत नाही."

"मग युती करू या. लवकर ठरवा, निवतोय."

केली! उंदीर-मांजराची सोयरीक म्हणून सगळे हसले. त्या खोलीचा एक नियम होता — डावपेच तोंडानं बोलायचे नाहीत, खेळातल्या पत्रांतून लिहायचे. हाताच्या अंतरावर बसून आम्ही पत्रं लिहायचो. सैन्याबद्दल दोन ओळी, मग 'आज निळा रंग शोभतोय' अशी एक. मी मान वर करायचे, तर हा गंभीर चेहऱ्यानं नकाशात बुडालेला.

असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी त्याचं वीस हजारांचं सैन्य न विचारता माझ्या खिंडीत शिरलं, थेट राजधानीच्या दिशेनं. दादाचे शब्द आठवले, डोकं फिरलं, आणि मी युती मोडली. त्याचं न वाचलेलं पत्र उघडलं ते त्यानंतर — 'पूर्वेचा राजा तुमच्यावर येतोय. मी आधी पोचतो. घाबरू नका.'

माझे कान तापले. मोडलेली युती खेळातली पाच वर्षं जोडता येत नाही. एका रविवारी एक वर्ष, म्हणजे पाच रविवार!

"माझं चुकलं," जिन्यात गाठून मी म्हणाले. "पाच आठवड्यांनी पुन्हा करू ना?"

तो पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. "बदली झालीय माझी. दोन रविवार आहेत हातात... खेळ तिकडूनही खेळता येईल म्हणा."

मला कितीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "बरं." इतका मूर्ख शब्द मी आयुष्यात दुसरा बोलले नाही.

तो गेला. समोरच्या खुर्चीवर कुणीतरी छत्री ठेवायला लागलं. मला ती छत्री उचलून फेकावीशी वाटायची. त्याचं सैन्य मात्र खिंडीतच होतं; त्याला बिचकून पूर्वेचा राजा केव्हाच मागे फिरला होता. युती तुटली की परक्या मुलखात सैन्याला दाणा मिळत नाही, ते मुकाट्यानं घरी न्यायचं असतं. यानं नेलं नाही. दर रविवारी मी आकडा बघायचे. सोळा हजार, बारा, नऊ... 'वेडाच आहे,' असं म्हणत मी भिंगं घासायचे, आणि एकाच भिंगावर अर्धा तास जायचा.

पाचव्या रविवारी चार वाजता पडद्यावर युतीचा प्रस्ताव उमटला. खाली पत्र होतं.

'राणीसाहेब, सैन्य माघारी न्यायला मन झालं नाही. माझंही तसंच झालंय. इथं नुसता हजेरीपुरता आलोय, बाकी सगळा तिथंच आहे. युती नको असेल तर सांगा, मी समजून घेईन.'

अक्षरं धूसर झाली. भिंगवालीच्या डोळ्यांचा काही भरवसा नाही.

मी प्रस्ताव स्वीकारला आणि लिहिलं — 'सैन्य राहू दे इथंच, मी घालते जेवायला. मला तू हवा आहेस. कधी येतोस?'

पाठवल्यावर मी ते पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हटलं होतं, तेही लेखी!

मग उत्तर आलं. 'रविवारी. खुर्ची धरून ठेव.'

मी उठले, समोरच्या खुर्चीवरची छत्री काढली आणि तिथं माझी पर्स ठेवली.