एकदाच ऐकता येणारी केबल

२०५८ साली भुसावळमध्ये कुणी जुनं घर विकायला काढलं, की आधी वायरमनला बोलावणं जाई. भिंतीतली सगळी वायर उपसून घ्यायची, ती मालकासमोर वितळवायची आणि मगच गिऱ्हाइकाला घर दाखवायचं. लग्नाच्या बोलणीसाठी लोक गच्चीवर बसत. न्यायालयात केबलचे तुकडे पुरावा म्हणून येत, आणि त्याची आता बातमीही होत नसे.

ज्या शोधामुळे हे सगळं घडलं त्याचं नाव रोधस्मृती. तारेवरच्या प्लास्टिकच्या आवरणात विजेचे सूक्ष्म भार अडकून बसतात, हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. हे भार वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. नवं कळलं ते एवढंच, की जवळपास कुणी बोललं तर त्या आवाजानं आवरण अगदी कणभर थरथरतं, आणि त्या क्षणी अडकणारे भार त्या थरथरीप्रमाणे कमीजास्त खोल जातात. आवरण हळूहळू तापवलं की आधी उथळ भार सुटतात, मग खोल. सुटताना ते पुन्हा तशीच थरथर उमटवतात. म्हणजे प्लास्टिक बोलतं. पण सुटलेला भार परत येत नाही, म्हणून ते एकदाच बोलतं.

हा शोध तापी तंत्रविद्यापीठाच्या विद्युतरोधन व केबल अभियांत्रिकी विभागात लागला होता. विभागाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्याचा इतिहास लिहायचं काम ओवी फालककडे आलं होतं. ओवी अभियंता नव्हती. ती विद्यापीठाचे जुने दस्तऐवज सांभाळायची. चार महिने फाइली चाळून तिनं बरंच लिहून काढलं होतं. १९८३ साली पत्र्याच्या शेडमध्ये भरलेला पहिला वर्ग, तेलात भिजवलेल्या कागदाच्या केबली, मग त्यांच्या जागी आलेलं प्लास्टिक, आणि चार मजले उंचीचा चाचणी हॉल. त्या हॉलमधल्या ठिणगीचा आवाज स्टेशनपर्यंत जाई, असं जुने लोक सांगत.

मार्च २०१९ च्या फाइलीत एकच ओळ होती. 'तंत्रज्ञ युवराज सपकाळे यांचा स्वतःच्या हलगर्जीपणामुळे विजेचा धक्का बसून मृत्यू.' ओवीनं ती तशीच उतरवली.

मसुदा लोकांनी वाचावा म्हणून ग्रंथालयात ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई तिच्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलं का?"

"फाइलीतलं आहे, काकू."

"एकोणचाळीस वर्षं फाइलीत होतं. आता पुस्तकात येईल." बाई खुर्चीवर टेकल्या. "मी रेखा सपकाळे. घरातला बल्ब बदलायचा तरी आमचे हे आधी मेन स्विच बंद करायचे. मग परत जाऊन बघून यायचे, बंद केलाय ना म्हणून. तो माणूस हलगर्जी?"

ओवी ते पान घेऊन विभागप्रमुख शार्दूल वाघुळदे यांच्याकडे गेली. वाघुळदे बासष्ट वर्षांचे होते. रोधस्मृती हे नाव त्यांनीच दिलेलं. पान वाचून त्यांनी ते टेबलावर पालथं ठेवलं.

"त्या दिवशी चाचणीला लावलेल्या केबलचा तुकडा अजून आहे," ते म्हणाले. "नमुना क्रमांक दोनशे बारा. माझ्याच कपाटात आहे."

"आणि तुम्ही तो तापवून वाचला नाही?"

"नाही."

"सर, नेमकं झालं काय होतं? मला समजेल असं सांगा."

"केबलची वीज बंद केली, की तिला अर्थिंगचा दांडा लावायचा. तांब्याचा. त्यातून उरलेली वीज जमिनीत जाते. पण तेवढ्यानं केबल निवत नाही. आवरणात खोल अडकलेला भार हळूहळू वर येत राहतो. म्हणून दांडा अर्धा तास ठेवायचा. लवकर काढला, तर मेलेली केबल काही मिनिटांत आपोआप जिवंत होते. त्या दिवशी पाहुणे बाहेर ताटकळले होते. दांडा लवकर निघाला, आणि सपकाळ्यांचा हात केबलला लागला."

"दांडा सपकाळ्यांनीच काढला?"

"मी काढला," वाघुळदे म्हणाले. "तेवीस वर्षांचा होतो. नारखेडे सर तेव्हा प्रमुख. ते म्हणाले 'काढ', म्हणून मी काढला. मला तसं आठवतं."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"सर होते ना."

"सरांना जाऊन बारा वर्षं झाली."

"हो. आणि केबल ऐकायची माझी रीत तयार होऊन सोळा झाली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते खरंच 'काढ' म्हणाले होते का, हे शोधायलाच मी ही रीत शोधली, ओवी. आणि तयार झाल्यावर कपाटाला कुलूप घातलं."

रेखाबाईंना हे सांगायचं काम ओवीवर आलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. वाघुळद्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला, एवढंच.

"त्यात ह्यांचा आवाज असेल का?" त्यांनी विचारलं.

"असेल. पण एकदा ऐकला की संपेल."

"माझ्याकडे एकही नाही. फोनमध्ये होता, तो फोन गेला." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "कपाटात ठेवून मला काय उपयोग?"

वाचनाचे नियम ठरलेले होते. सुटणारा आवाज इतका क्षीण असे, की ध्वनिमुद्रणाचं कुठलंही यंत्र जवळ आणलं तर त्याच्या विजेनं उरलेले भार विस्कटून जात. म्हणून काचेच्या नळ्या लावून कानानंच ऐकायचं, आणि ऐकणारे तीन हवेत. ऐकून होताच तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून जबानी लिहायची. तिन्ही जुळल्या तरच ते वाचन ग्राह्य. लोक याला तीन कानांचा नियम म्हणत.

सोमवारी सकाळी अकराला चाचणी हॉलची वीज तोडली. फोन बाहेर ठेवले. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं. वाघुळद्यांनी बोटभर लांबीचा दुधी रंगाचा तुकडा तेलाच्या भांड्यात सोडला आणि खाली स्पिरिटचा दिवा लावला. वाघुळदे, ओवी आणि रेखाबाई, तिघं नळ्या कानाला लावून बसली.

साठ अंशांवर नुसती खरखर ऐकू आली. नव्वदच्या पुढे खुर्ची सरकली, कुणीतरी खोकलं. एकशे बारावर एकाएकी समोर माणूस उभा राहावा इतका स्वच्छ आवाज आला.

"सर, दांडा राहू द्या. अजून दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

रेखाबाईंचा हात ओवीच्या मनगटावर आला.

मग काही पावलं वाजली. दूर कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. मग एक शब्द, आखूड. ओवीला तो स्पष्ट ऐकू आला आणि तिनं तो मनात घट्ट धरून ठेवला. पुढे तांब्याचा दांडा फरशीवर ठेवल्याचा खणखणाट झाला, बरीच शांतता गेली, आणि चाबूक ओढल्यासारखा एक आवाज झाला. त्यानंतर तेल तापत राहिलं, तुकडा मऊ होऊन वाकला, पण नळ्यांतून काही आलं नाही.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. तिघं तीन खोल्यांत गेली.

दुपारी कुलसचिवांनी जबान्या वाचून दाखवल्या. सपकाळ्यांनी दांडा राहू द्यायला सांगितलं होतं, यावर तिघांचं एकमत होतं. त्या शब्दावर मात्र नव्हतं. वाघुळद्यांनी लिहिलं होतं, 'तो शब्द "काढतो" असा होता आणि आवाज माझा होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.' ओवीनं लिहिलं होतं, 'काढ'. आणि रेखाबाईंनी लिहिलं होतं, 'त्यांनी मला हाक मारली. रेखा म्हणाले.'

वाचन अग्राह्य ठरलं.

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना लिहिलंत?" वाघुळद्यांनी बाहेर आल्यावर रेखाबाईंना विचारलं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काय करणार?" त्या म्हणाल्या. "माझं नाव मी ओळखत नाही का?" आणि त्या जिना उतरून गेल्या.

ओवीनं मसुद्यातली ती ओळ खोडली. 'सपकाळे यांनी धोक्याची सूचना दिली होती. ती मानली गेली नाही,' असं तिनं लिहिलं. त्याला कुणाची हरकत नव्हती. पुढचं वाक्य, म्हणजे दांडा कुणाच्या सांगण्यावरून निघाला, ते राहिलं होतं.

शुक्रवारी ती ते लिहायला बसली. तिला ठाम आठवत होतं, की शब्द 'काढतो' असा होता. शेवटचा 'तो' तिनं ऐकला होता, तरुण आणि जरा घाईतला. वाघुळद्यांच्या जबानीशी हे जुळतं याचंच तिला आधी समाधान वाटलं. मग सोमवारी आपण दुसरंच लिहिलं होतं का, अशी शंका येऊन ती कुलसचिवांच्या कार्यालयात गेली आणि तिनं आपली जबानी मागवली. कागदावर तिच्याच अक्षरात 'काढ' होतं. खाली सही तिची. वाक्यापुढे तिनंच कंसात लिहिलं होतं, 'आवाज वयस्कर माणसाचा, खात्रीनं.'

ती कागद घेऊन वाघुळद्यांकडे गेली. त्यांनी तो वाचून परत दिला.

"मीही तुला बोलावणारच होतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा चार दिवसांत निवळला होता. "सोमवारी मी घाबरलो होतो. आता नीट आठवतं. सर म्हणाले, 'काढ'."

"सर, तुम्ही स्वतःचा आवाज ओळखल्याचं लिहून दिलंय."

"लिहिलंय खरं." ते अस्वस्थ झाले. "पण मी तसं का लिहिलं असेन?"

"तुकडा पुन्हा तापवला तर?"

"त्यात आता काही नाही. बाजारातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जेवढं असेल तेवढंच."

ओवी आपल्या टेबलाशी आली. तिनं दार लावलं, डोळे मिटले आणि सोमवारची सकाळ पहिल्यापासून आठवायला घेतली. खुर्ची, खोकला, 'दांडा राहू द्या', पावलं, दूरचं हसणं. मग तो शब्द आला. या खेपेला तो अगदी लख्ख आला, शंकेला जागाच नव्हती. फक्त तो आवाज नारखेडे सरांचा नव्हता, वाघुळद्यांचा नव्हता, सपकाळ्यांचाही नव्हता. तिचा स्वतःचा होता, सोमवारपासून मनात घोकलेला.