जमिनीकडची तार

ही गोष्ट ऐकीव नाही. माझे आजोबा सत्तारमियाँ तिथे होते. तार त्यांच्याच हातात होती.

१९४३ सालच्या चैत्रातली भर दुपार. गाव प्रकाशा.

नवल पाटलाने लढाईच्या बातम्यांसाठी बॅटरीवरचा रेडिओ घेतला होता. तो बसवायला सत्तार नंदुरबारहून आलेला. नवल मळ्यात होता. घरी एकटी भिकुबाई, त्याची थोरली भावजय. तिचा नवरा उखा दोन वर्षांपूर्वी सुरतेला कामाला गेला, असं नवल सांगायचा. पत्र नाही, निरोप नाही. सकाळी कुंकू लावताना तिचं बोट कपाळाजवळ थबकायचं... लावू, की नको?

"एक तार आभायले, एक जमीनले. मंग डबा बोलस," सत्तार म्हणाला. "पन जमीन वली पाहिजे, भाबी."

"तुन्हा डबा पानी बी पेस का?" ती हसली. "गोठाना मांगे ठोक. तठली जागा कधीच सुकत नही."

सत्तारने तांब्याची सळई ठोकली. वीतभर गेली.

पुढची... खालून कुणीतरी ओढून घेतली.

त्याने तार ओढून समोरच्या ओट्यावर ठेवलेल्या रेडिओला जोडली, रेडिओ लावला.

धप्प... धप्प...

कुऱ्हाडीचे घाव. मधूनच कुणाचा तरी खोकला.

त्याने आभाळाकडची तार काढली. आवाज चालूच.

बॅटरी काढली. आतले दिवे विझले...

आवाज चालूच.

जमिनीकडची तार काढली.

शांत.

"जोड," भिकुबाई म्हणाली. ओठ पांढरेफटक. "तो खोकला त्यास्नाच शे."

तार जोडली, अन् घाव पुन्हा सुरू झाले. तेवढ्यात दारात नवल.

"कोनी सांगं तुले तठे ठोकाले?"

तो गोठ्यामागे धावला. दोन्ही हातांनी सळई धरली. निघेना.

मग हातही सुटेनात.

धप्प... रेडिओत.

इकडे नवलची टाळू उकलली. जवळ कुणी नव्हतं.

धप्प... खांदा लोंबला. गोठ्याच्या कुडावर रक्त उडालं.

सत्तारने तार उपटेपर्यंत नवल थंड पडला होता.

"जोड, भाऊ," भिकुबाई पुन्हा म्हणाली. "एकदाव त्यासले इचारू दे."

त्याने जोडली.

आता घाव नव्हते. खोकला नव्हता. फक्त कुणीतरी धापा टाकत होतं...

"वहिनी... तार तोड ना... उखाभाऊ माले सोडत नही..."

नवलचा आवाज. अन् नवल तर समोर पडलेला.

सत्तारने तारेकडे हात नेला. भिकुबाईने मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती हळूच म्हणाली.

आजोबा हत्यारं तिथेच टाकून पळाले. तार जोडलेलीच राहिली.

ती पुढे कुणी तोडली का, हे मी प्रकाशाला जाऊन दोनदा विचारलं.

लोक विषय बदलतात.