मोजणीतून राहिलेली दोघं

दुसरबीडच्या चौफुलीवर, भर दुपारी, सारिकाच्या डोळ्यांदेखत तिची बस निघून गेली. आणि बसमध्ये तिची सात वर्षांची मयुरी झोपलेली होती.

काय झालं ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही तिला नावं ठेवायला मोकळे. धाकट्या गोलूला शू लागली होती. चार वर्षांचं पोरगं ते, लागली म्हणजे लागली. बस चहाला थांबलेलीच होती. मयुरी सीटवर पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. उठवलं असतं तर रडून बस डोक्यावर घेतली असती. म्हणून सारिका गोलूला काखोटीला मारून हॉटेलच्या मागे गेली, आणि परत येऊन बघते तर... बसच्या मागच्या काचेवर चिकटवलेलं मक्याच्या कणसाचं मोठं चित्र लांब लांब चाललेलं.

ती गोलूला काखेत घेऊनच रस्त्याकडे धावली. तेवढ्यात तिच्या बाजूने एक माणूस, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला वडा, बसच्या मागे धावत सुटला. थोडा धावला, दमला आणि मान हलवत परत आला.

"गेली बे," तो स्वतःशीच म्हणाला. मग सारिकाकडे बघून, "तुम्ही बी याच बसच्या काय वहिनी?"

"माही पोरगी हाये आत..."

त्याच्या हातातला वडा खाली पडला.

"फोन?"

"पर्समध्ये. पर्स सीटवर."

त्याने आपला फोन काढून बसमधल्या कोणाला तरी लावला. घंटी नुसतीच वाजत राहिली. बसमध्ये गाणी लागलेली असणार, तीही मोठ्याने. मग त्या गड्याने काय करावं? सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. कांद्याने भरलेली एक पिकअप कचकन थांबली. ड्रायव्हरने शिवी सुरू केली होती, पण "बाईचं लेकरू गेलं त्या बसमंधी, चाल लवकर," हे ऐकलं आणि बाकीची शिवी त्याने गिळून टाकली.

केबिनमध्ये चौघं कोंबून बसले. सारिकाचे ओठ पांढरे पडलेले, आणि गोलूला मात्र भारी मजा वाटत होती.

"मम्मी, आपली बोट हेच हाये काय?"

"नाई रे राजा," तो माणूस म्हणाला. "ही कांद्याची बोट हाये. आपली यापेक्षा थोडी मोठी हाये."

समृद्धी महामार्गाच्या टोल नाक्यावर बस रांगेत सापडली. पिकअप नीट थांबलीही नव्हती तोवर तो माणूस उडी मारून बसपुढे जाऊन उभा राहिला. सारिका धडपडत वर चढली. मयुरी तोंड उघडं टाकून अजून झोपलेलीच. तिला पत्ताही नव्हता की आपण हरवलो होतो. सारिका तिच्या सीटपाशी खालीच बसली आणि रडली. खूप रडली.

ही सहल नेणाऱ्या बियाण्याच्या कंपनीचा साहेब रवी घामाघूम झाला होता.

"मॅडम, मी मोजलं होतं ना..."

"काय मोजलं?"

"जोड्या. ज्याची जोडी बाजूले हाये त्यानं हात वर करा म्हणलं, सगळ्यायनं केला."

तो कांद्याच्या गाडीतला माणूस दारातून आत आला. त्याच्या पांढऱ्या शर्टला कांद्याची टरफलं चिकटली होती.

"म्हणजे ज्याले जोडी नाई तो माणसात नाई काय बे?"

सगळे हसले. मागून एक बाई तेवढ्यात पुटपुटलीच, "पण लेकरू विसरून कशी गेली असन माय..."

"त्या नाई विसरल्या," तो शांतपणे म्हणाला. "बस विसरली त्यायले."

सारिकाने डोळे पुसून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, दाट भुवया, आणि डोळ्यांत अजूनही ती चौफुलीवरची धास्ती. तिच्या लेकीसाठीची धास्ती. नाव राजकुमार, दुसरबीडला त्याचं कृषी केंद्र होतं, बियाण्या-औषधांचं दुकान, आणि बसमध्ये तो तिथूनच चढणार होता.

आता ही बस कुठे चालली होती? तर मुंबईला, तिथून बोटीवर. बियाण्याच्या कंपन्या दरवर्षी चांगला माल विकणाऱ्या दुकानदारांना सहलीला नेतात, यंदा म्हणे क्रूझ. मुंबई ते गोवा आणि परत. अमडापूरचं दुकान सारिकाच्या नवऱ्याचं. तीन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला आणि ती गल्ल्यावर बसली. सुरुवातीला शेतकरी दारातूनच विचारायचे, "माणूस कोणी नाई काय?" आता तेच किडलेलं पान आणून तिच्या पुढ्यात ठेवतात.

सहलीला चुलत दीर जाणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं. पण सासूबाई, जनकाबाई, भरल्या ओसरीत म्हणाल्या, "दुकान तू चालवते, तूच जाय. लेकरायले समुद्र दाखव." विधवा सून, दोन लेकरं घेऊन, एकटी, बोटीवर. गावाने तोंडात बोटं घातली. पण सर्वांत मोठा धक्का बसला तो सारिकालाच. कारण याच जनकाबाईंनी, सारिकाला मागच्या साली एक स्थळ आलं तेव्हा, भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, "तुले लगन करायचं त कर. मी आडवी येणार नाई. पण लेकरं या घरचे हायेत, ते इथंच राह्यतीन."

सारिकाने त्याच दिवशी स्थळ परत पाठवलं, आणि मनाचं ते दारही लावून घेतलं. नवरा कुठेही मिळेल, मयुरी आणि गोलू कुठून आणणार?

बोट पाहून पोरं वेडीच झाली. घरासारखी नव्हे, अख्ख्या गल्लीसारखी बोट. आत लिफ्ट, वर गच्चीवर पोहायचा हौद. "मम्मी, पाण्याच्या वर अजून पाणी?" मयुरीचा प्रश्न. उत्तर द्यायला सारिकाला फुरसत कुठे होती? एकटीने दोन लहान लेकरं कधी नेलीत का तुम्ही कुठे? दोन हातांना दोन पोरं, मग ताट धरायला हात आणायचा कुठून? जेवणाच्या रांगेत ती रडकुंडीला आली होती. एक पोरगं जिलबीकडे ओढतंय, दुसरं लिफ्टकडे.

"वहिनी, तुम्ही नुसत्या बसा." राजकुमार समोर उभा. दोन्ही हातांत ताटं, तिसरं कोपरावर तोललेलं.

"तुमच्या मिसेस नाई आल्या काय राजकुमारभाऊ?"

"मिसेस असती त बस सुटली असती काय?" तो हसला. "शेती अन् दुकान म्हणलं की पोरीवाले अर्धा चहा सोडून उठतात. सगळ्यायले नोकरीवाला पाह्यजे."

"मग एकटेच आले?"

"माय म्हणे, जाय, समुद्रात तरी कोणी भेटते काय पाय." आणि मग आपणच काय बोलून बसलो, म्हणून कानापर्यंत लाल झाला.

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घालून एका दालनात उभं केलं. संकट आलं तर काय करायचं, त्याचा सराव. तिथली गोरीपान पोरगी सारिकाला हिंदीत म्हणाली, "मॅडम, एक बच्चा आपके साथ, एक पापा के साथ. पापा कहाँ हैं?"

सारिकाच्या तोंडून शब्द निघण्याआधीच मयुरी म्हणाली, "पप्पा वारले. मम्मीच हाये आमची दोघांची."

राजकुमार गुडघ्यावर बसून गोलूच्या जॅकेटचा पट्टा बांधत होता. त्याचे हात जागच्या जागी थांबले. त्याने वर पाहिलं... आणि लगेच नजर खाली घेतली.

"मले वाटलं, साहेब दुकानात असतीन..."

"सगळ्यायले तसंच वाटते," सारिका म्हणाली.

त्याने पट्टा बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. मग त्या पोरीला म्हणाला, "एक बच्चा मेरे साथ लिख लो."

त्यानंतर मात्र तो 'वहिनी' म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी गोव्याहून निघाल्यावर, वरच्या डेकवर, खारा वारा सारिकाचे केस सारखे तोंडावर आणत होता आणि पोरं हौदात डुंबत होती, तेव्हा तिने विचारलंच.

"तुम्ही मले हाक मारणं काऊन बंद केलं?"

"मारतो ना."

"'अहो' म्हणता. 'इकडे पाहा' म्हणता. काल त वहिनी म्हणत होते."

"काल मालूम नव्हतं." तो समुद्राकडे बघत राहिला. "आता... वहिनी म्हणवत नाई."

"मग काय म्हणवते?"

"तेच त... विचार करून राह्यलो."

"करा मंग, राजकुमारभाऊ—"

"ते 'भाऊ' तेवढं टाका ना समुद्रात."

सारिका हसली. खळखळून, मोठ्याने, हौदातल्या मयुरीने वळून बघावं इतकी. आणि स्वतःचं हसू ऐकून ती दचकलीच. हा आवाज आपल्याकडे अजून शिल्लक होता? काय चाललंय हे सारिका, तिने स्वतःला दटावलं, पोरांकडे बघ. तिने पोरांकडे बघितलं. पण मन कुठे ऐकतंय? ते बाजूच्या खुर्चीकडेच वळत होतं.

परतीच्या सकाळी मुंबईच्या इमारती धूसर दिसायला लागल्या. गोलू राजकुमारच्या खांद्यावर बसून मासे शोधत होता. मयुरी कठड्याच्या जाळीला नाक लावून उभी होती.

"सारिका," तो म्हणाला. नुसतं सारिका. तिच्या अंगावर काटा आला.

"मले घुमवून बोलता येत नाई. तुम्ही मले आवडल्या. मले तुमच्यासंगं राह्याचं हाये... तिघायसंगं."

हो म्हणावं, आत्ता म्हणावं, असं तिला इतकं वाटलं की तिने कठडा घट्ट धरला. आणि मग तिने त्याला जनकाबाईंची अट सांगितली. एकही शब्द न लपवता.

"लेकरं सोडून मी कुठीच येणार नाई," ती म्हणाली. "कोणासाठीच नाई."

राजकुमारने गोलूला खांद्यावरून उतरवून तिच्या हातात दिलं.

"बरं," एवढंच म्हणाला, आणि निघून गेला.

बरं? नुसतं बरं? बसमध्ये तो पुढे रवीजवळ जाऊन बसला. दुसरबीडला उतरताना पोरांना हात केला, तिच्याकडे पाहिलंही नाही. अमडापूरला पोचेपर्यंत सारिका त्या एका 'बरं'वर धुमसत राहिली. पुढे दुकानात बसून औषधाच्या बाटल्या जरा जास्तच जोरात आपटायला लागली. सगळे सारखेच, ती मनात म्हणायची, पोरांचं नाव काढलं की पळाले. आणि मग डोळे भरून यायचे, कारण हा माणूस पळेल असं तिला खरंच वाटलं नव्हतं.

आठवडाभराने, सकाळी सकाळी, भाऊराव नावाचे शेतकरी हरभऱ्यावरच्या अळीचं औषध न्यायला आले होते. जनकाबाई दुकानाच्या दारात खुर्ची टाकून उन्हाला बसल्या होत्या. मोटरसायकल थांबली. राजकुमार उतरला. इस्त्रीचा शर्ट, पण हेल्मेटने केस पार चपटे झालेले. सारिकाच्या हातातली बाटली हातातच राहिली.

तो सारिकाकडे आलाच नाही. सरळ जनकाबाईंच्या पाया पडला.

"मावशी, मी राजकुमार, दुसरबीडचा. तुमच्या सुनेले मागणी घालाले आलो."

भाऊरावांनी पिशवी खाली ठेवली. हे ऐकल्याशिवाय आता ते हलणार नव्हते.

जनकाबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "लेकरायचं मालूम हाये?"

"हाये. लेकरं या घरचे. बरोबरच हाये तुमचं, त्यायले इथून हालवूच नका. सारिकालेबी हालवू नका. मलेच इकडे घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे मी राह्याले येतो. तिकडचं दुकान मोठा भाऊ पाहीन. मायले समजावाले आठ दिवस लागले, नाईतर आधीच आलो असतो."

"अरे पण," भाऊरावांना राहवेना, "बाईच्या सासरी जावई येऊन राह्यते काय? असं कुठी झालं हाये?"

"झालं नसन," राजकुमार म्हणाला. "होईन आता."

सारिकाने हातातली बाटली गल्ल्यावर ठेवली. त्या 'बरं'मध्ये हे होतं? हा माणूस आपलं गाव, आपलं घर, आपल्या आईला सोडून यायला निघाला होता, आणि तिला कानोकान खबर नव्हती.

जनकाबाईंनी सारिकाकडे पाहिलं.

"मी तसं काऊन म्हणलं होतं, मालूम हाये तुले?"

"लेकरायसाठी, आई."

"लेकरायचं नुसतं नाव." पदर डोळ्यांशी गेला. "लेकरं सोडून तू जाणार नाईस, हे मले पक्कं मालूम होतं. म्हणूनच म्हणलं. माहा पोरगा गेला. तू बी गेली असती त मी कोणाच्या तोंडाकडे पाह्यलं असतं? मी तुलेच अडवलं होतं, बाई. मले तू पाह्यजे होती."

अख्खं वर्ष सारिका या बाईवर मनातल्या मनात चिडत होती. कठोर आहे, काळीज नाही, म्हणत होती. आणि या बाईने तिला सून म्हणून बांधून नव्हतं ठेवलं. ही आपल्यालाच गच्च धरून बसली होती, आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती. सारिका गल्ल्यामागून बाहेर आली आणि खुर्चीपाशी बसून तिने सासूचे हात धरले. दोघी रडल्या. भाऊराव औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचायला लागले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"आता सांग," जनकाबाई नाक पुसत म्हणाल्या. "मी सांगते म्हणून नाई, लेकरायसाठी नाई. तुले सोताले पाह्यजे काय हा माणूस?"

असं कधी कोणी विचारलं होतं तिला? पहिल्या लग्नातसुद्धा नाही. सारिकाने वर पाहिलं. राजकुमारही आता तिच्याकडेच बघत होता, चपट्या केसांचा, लाल कानांचा, श्वास रोखून. सासूसमोर, गिऱ्हाइकासमोर, भर दुकानात एका सुनेने काय बोलावं आणि काय नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

"हो आई," ती म्हणाली. "पाह्यजे. मले पाह्यजे."

जनकाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि राजकुमारकडे वळल्या.

"मंग बाहेर काऊन उभा हायेस बे?" त्या म्हणाल्या. "घरात चाल."