उजवीकडून ओढलेली रेघ

"आई, ही अक्षरं बाबांची नाहीत!"

धनेशचे शब्द ऐकले मात्र आणि मालनच्या हातातला कप बशीत खडखडला. चोराच्या मनात चांदणं... आणि चोरी तरी कसली, स्वतःच्याच अक्षरांची!

नवरा, दौलत पेंटर, वारल्यापासून लालबागच्या त्या खोलीत ती एकटीच होती. मुलगा वडाळ्याला, सणाला यायचा आणि जेवणाच्या ताटावरून उठला की निघायचा. या महिन्यात मात्र तो रोज येत होता. माळ्यावरचे बापाचे जुने कापडी फलक उलगडून, त्यांचे फोटो लॅपटॉपवर घेऊन एकेक अक्षर गिरवत होता. त्यातून बापाच्या नावाचा फॉन्ट होणार होता! आईशी तो चार शब्दही बोलत नसे. पण घरात माणसाची चाहूल आहे, एवढ्यावरच ती वेडी माऊली सुखावली होती. खरं सांगितलं तर तो यायचाच थांबेल, या भयानं तिनं ओठ शिवून घेतले होते.

"हे बघ," त्यानं पडद्यावरचं अक्षर मोठं केलं. "ब्रश टेकतो तिथे रंग दाट, सुटतो तिथे पातळ. बाबांची वरची रेघ डावीकडून सुरू होते. या नंतरच्या फलकांवर ती उजवीकडून ओढलीय, डावखुऱ्या माणसानं. कोण होतं बाबांकडे कामाला?"

"असेल रे कोणीतरी..."

"आई, माझ्याकडे बघून सांग."

आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला!

"मीच रे ती... त्यांचा हात थरथरायला लागला होता. गणपतीच्या मंडळवाल्यांना कळलं असतं तर काम कोण देणार होतं? तुझी आजी म्हणायची, 'डाव्या हातान देवाचा नाव लिवतंस? सगळा बाटवतंस!' म्हणून चारचौघांत सगळं उजव्या हातानं केलं, आणि अक्षरं दार लावून काढली."

धनेशचा चेहरा उतरला. "मी त्या दाराबाहेर रडायचो, आई. शेजारच्या शैलाकाकूंकडे जेवायचो. मला वाटायचं, तुला मी नकोच आहे."

"नको कसा रे, राजा! आत मीही रडत होते. पण तू लहान... खेळता खेळता कुठे बोलून गेला असतास तर?"

धनेशनं पडद्यावरचं ते अक्षर पुन्हा एकदा न्याहाळलं. मग तो म्हणाला, "फॉन्टला तुझं नाव देतो."

"मुळीच नाही!" मालननं डोळे पुसले. "जन्मभर ते पेंटर म्हणून जगले. आता त्यांच्या माघारी मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेऊ?"

त्यानं वाद घातला नाही. लॅपटॉपला जोडलेली, पेननं लिहायची काळी पाटी तेवढी तिच्यापुढे सरकवली. "एक अक्षर राहिलंय. 'ढ' एकाही फलकावर सापडत नाही."

"ढ तर तुझ्यासमोरच बसलीय!" ती रडता रडता हसली, आणि सवयीनं उजव्या हातात पेन धरलं. त्यानं ते अलगद काढून तिच्या डाव्या हातात दिलं.

आयुष्यात पहिल्यांदाच लेकासमोर ती त्या हातानं लिहीत होती. रेघ वाकडी गेली, आणि आता हा कंटाळून उठेल म्हणून तिनं ओशाळून वर पाहिलं.

"पुन्हा काढ," धनेश तिच्याजवळ सरकून बसला. "मला घाई नाही, आई."